५३ ग्रेडचं सिमेंट वापरतोय, मग स्लॅब टाकताना काँक्रीट घट्ट वाटलं तर पाणी वाढवलं तर चालेल का?

नाही, पाणी वाढवू नका, ५३ ग्रेड त्यात तुम्हाला वाचवणार नाही. ५३ म्हणजे सिमेंटची लॅबमधली ताकद, १ भाग सिमेंट ३ भाग स्टँडर्ड वाळू असे मसाल्याचे छोटे क्यूब करून २८ दिवसांनी फोडतात आणि तिथे पाणी मोजून घालतात, तुमच्या साइटवरच्या काँक्रीटशी त्या आकड्याचा थेट संबंध नाही. काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी-सिमेंट प्रमाणावर ठरते. ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी म्हणजे ०.५०, मिस्त्रीने "जरा सैल करू" म्हणत ५ लिटर ओतलं की झालं ०.६०, आणि आयएस ४५६ मध्ये (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) साध्या हवामानातल्या आरसीसीलाही (सळ्या घातलेल्या काँक्रीटलाही) मर्यादा ०.५५ आहे. वर पाणी सुटतं, खडी खाली बसते ते वेगळंच.

घट्ट वाटत असेल तर हे करा:
- सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन) घाला, कंपनीने सांगितलेल्या डोसमध्येच (सिमेंटच्या वजनाच्या २ टक्क्यांपुढे नको)
- व्हायब्रेटर नीट चालवा, बरेचदा काँक्रीट ठीक असतं, फक्त हाताने ढकलायला जड जातं
- स्लम्प मोजा (साच्यातून काढल्यावर ओलं काँक्रीट किती खाली बसतं ते), साध्या स्लॅबला ७५-१०० मिमी पुरे
- त्याच काँक्रीटचे १५० मिमीचे क्यूब भरून ७ आणि २८ दिवसांनी टेस्ट करा

फक्त एक, मिक्स डिझाइनमधलं (सिमेंट, वाळू, खडी, पाणी यांचं आधी ठरवलेलं प्रमाण) पाणी अजून पूर्ण घातलंच नसेल तर तेवढं घालायला हरकत नाही, पण पावसाळ्यात ओल्या वाळूतलं पाणी आधी त्यातून वजा करा, ते कोणीच करत नाही.