पैशाचं बोलणं तुझं नव्हे

विटा

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यापायी देशभर पांगली. पाडव्यानंतर तूही निघणार. मूस (धातू वितळवायचं भांडं) कशी तापवायची, टंच (सोन्याचा कस) कसा काढायचा हे तुझे मामा शिकवतील. दुकानात कुणी न शिकवणारी एक गोष्ट मी लिहितोय: खंडणीसाठी उचलून नेलं तर काय करायचं. आईला पत्र दाखवू नकोस, पण घरच्यांसाठीचा भाग थोरल्या भावाला वाचून दाखव.

उचलणारा अनोळखी असला तरी खबर देणारा पुष्कळदा ओळखीतला निघतो. काढून टाकलेला कारागीर, रोजची गाडी, उधारी थकलेलं गिऱ्हाईक. म्हणून लगड (सोन्याची कांब) घेऊन निघायची वेळ आणि वाट बदलती ठेव, आणि प्रवासात असताना स्टेटस टाकू नकोस. "भावापेक्षा स्वस्तात जुनं सोनं आहे, अमुक गावी या" असा फोन आला तर जाऊच नकोस. हरियाणा-राजस्थानच्या सीमेवर या फसवणुकीला टटलूबाजी म्हणतात. सोन्याची वीट म्हणून पितळ गळ्यात मारतात, आणि कधीकधी घ्यायला आलेल्या माणसालाच अडकवून ठेवतात.

सगळ्यात धोक्याची पहिली काही मिनिटं. तेव्हा त्यांचेही हात थरथरत असतात, घोडा ओढायला निमित्त पुरतं. आसपास माणसं असतील, शस्त्र दिसत नसेल आणि तू अजून गाडीबाहेर असशील, तरच झटापट कर. नुसतं "वाचवा" ओरडू नकोस, लोकांना ते घरातलं भांडण वाटतं. "मी यांना ओळखत नाही, 112 ला फोन लावा" असं ओरड. एकदा दार लागलं की झटापट संपली. मान खाली, हात दिसतील असे, सांगतील ते करायचं.

हात बांधताना मुठी आवळ, मनगटं किंचित फाकव, छाती भरून घे. नंतर अंग सैल सोडलंस की दोरीत बोटभर जागा राहते. ही जागा पळून जायला नाही, रक्त खेळतं राहायला. बोटं बधिर झाली, निळी पडली तर लगेच सांग. दमा असेल, नाक चोंदलं असेल तर तोंडात बोळा कोंबायच्या आधी बोल, नंतर बोलता येत नाही. डोळ्यांवर पट्टी असली तरी कान आणि नाक मोकळं असतं. पुलावर टायरचा आवाज बदलतो, टोलनाक्याला गाडी थांबून सुटते, मळीचा वास आला तर साखर कारखाना जवळ आहे. हे मनात एकामागोमाग ओवत जा. पण बुरखा सरकला आणि चेहरा दिसला तर पटकन खाली बघ. तू ओळखशील हीच त्यांची मोठी भीती असते.

कोंडल्यावर मिळेल ते खा, पाणी तर मागूनच पी. दिवस मोजायला शर्टाच्या शिवणीतला रोज एक दोरा उपस. अजान, दूधगाडी, शाळेची घंटा यांवरून वेळ कळते. जागेवर बसून पाय, खांदे, मान हलवत राहा. मागणं एका वेळी एकच आणि साधं असावं: पाणी, पांघरूण, औषध. घरच्यांबद्दल बोल, धर्म आणि राजकारण टाळ. सारखा रडू नकोस, धमकी देऊ नकोस. "तुम्हाला सोडणार नाही" हे वाक्य तर जिभेवर येऊ देऊ नकोस.

आता मुख्य मुद्दा. ते विचारतील, दुकानात माल किती, घरची जमीन किती. तू आकडा सांगितलास की तोच पाया धरून बोलणी वर चढतात, आणि पुढे तो खोटा ठरला तर मार तुला बसतो. "व्यवहार मामा बघतात, मला माहीत नाही" एवढंच उत्तर, दहा वेळा विचारलं तरी तेच. फोनवर बोलायला लावलं तर जिवंत आहे, तब्येत अशी आहे, औषध हवंय, इतकंच बोल. वाक्यात खुणा दडवायची हुशारी करू नकोस, पकडली जाते.

घरच्यांचं काम वेगळं. पोलिसांना कळवायचंच, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 140(2) लागतं, शिक्षा जन्मठेप किंवा फाशीपर्यंत आहे. उशीर केला तर टोलनाक्यावरचं सीसीटीव्ही चित्रण पुसलं जातं, मग ते तासवडे असो की आनेवाडी. फोन एकानेच घ्यायचा, आणि तो तिजोरीची किल्ली असणारा नको, म्हणजे "मोठ्यांना विचारून सांगतो" असं म्हणता येतं. वेळ आणि शब्द न् शब्द वहीत उतरवायचा. पैशाआधी माणूस जिवंत असल्याचा पुरावा मागायचा. फोटो जुना असू शकतो, म्हणून फक्त तुलाच ठाऊक असलेला प्रश्न विचारायचा: आजीच्या म्हशीचं नाव काय?

मागितलेली रक्कम लगेच कबूल केली तर त्यांना वाटतं, अजून आहे. पोलिसांच्या सल्ल्याने आकडा चढवायचा तो दर वेळी कमी फरकाने: आधी 4 लाख, मग 5 लाख 50 हजार, मग 6 लाख, शेवटी 6 लाख 17 हजार. असा मोडका आकडा आला की समोरच्याला पटतं, घागर रिकामी झाली. यात दिवस जातात. कन्नड अभिनेते राजकुमार यांना वीरप्पनने 30 जुलै 2000 ला नेलं, ते 108 दिवसांनी सुटले. गावच्या ग्रुपवर मात्र एक अक्षर टाकायचं नाही, नाहीतर भलताच कुणी "पोरगं आमच्याकडे आहे" म्हणून पैसे मागतो.

पळायचं कधी? बाहेर रस्ता कुठे आहे आणि माणसं किती लांब आहेत हे माहीत असेल तरच. अर्धवट पळून सापडलास तर पुढची कैद जास्त कडक होते. पोलीस घुसले तर पळू नकोस, जमिनीवर पालथा पड, पंजे उघडे ठेव, जवळचं हत्यार उचलू नकोस. धुरात आणि गोंधळात त्यांना तू कोण ते कळत नाही. तुला बेड्या घातल्या तरी वाईट वाटून घेऊ नकोस.

सुटल्यावर आंघोळ आणि कपडे धुणं वैद्यकीय तपासणीनंतर. त्या दोऱ्या, ती पट्टी टाकून द्यायची नाही. मॅजिस्ट्रेटसमोर जबाब लवकर दे, तपशील झरझर विसरतात. झोप उडणं, दाराच्या आवाजाने दचकणं महिनोन्‌महिने राहू शकतं. त्यासाठी 14416 या टेली-मानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, बोलता येतं.

आणखी एक. हल्ली कुणालाही न उचलता, आवाजाची नक्कल करून घरी फोन करतात. तेव्हा निघण्याआधी घरात एक परवलीचा शब्द ठरवा. फोनवर किंवा मेसेजमध्ये नको, सगळे समोरासमोर जेवायला बसाल तेव्हा ठरवा.

तुझा
तात्या