डग्गा घुमतो, तानपुरा गायब: हेडफोन कोणता घेऊ?

प्रश्न: घरचे झोपले की रात्री मोबाईलवर शास्त्रीय ऐकतो, जास्त करून मन्सूर आणि किशोरीताई. सध्याच्या ब्लूटूथ इअरबड्समध्ये डग्गा नुसता घुमतो, तानपुरा कुठे जातो कळत नाही. चार हजारांच्या आसपास काही बरं मिळेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: मिळेल की. पण आधी फुकटातला उपाय करून बघा, इअरबड्सच्या ॲपमध्ये बहुधा इक्वलायझर (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) असतो, त्यात बेसच्या पट्ट्या चार-पाच डेसिबलनी खाली आणा, बराच फरक पडतो. स्वस्तातले बहुतेक हेडफोन बेस फुगवूनच ट्यून केलेले असतात, तो फुगवटा नेमका डग्ग्याच्या घुमाऱ्यावर येऊन बसतो आणि तानपुऱ्याच्या जवारीतून (घोडीवर तार झणझणते तिथून) निघणारे वरचे बारीक स्वर त्याखाली दबतात. त्यामुळे बॉक्सवर एक्स्ट्रा बेस दिसलं की तो बाजूलाच ठेवा. ५ हर्ट्झ ते ४० हजार हर्ट्झ असल्या आकड्यांनाही भुलू नका, काळी एक पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, साधारण ६९ हर्ट्झला असतो आणि २० हजाराच्या वरचं माणसाला ऐकूच येत नाही.

मी तर वायरवालाच घ्या म्हणेन. ब्लूटूथमध्ये बॅटरी, चिप, माइक यातच पैसे जातात, आवाजासाठी उरतात थोडे. कॉसचा पोर्टा प्रो १९८४ पासून चालू आहे आणि नावाजलेलाही आहे पण त्याचा बेस जरा भरीव, तुम्हाला त्याच कंपनीचा कानाला अडकवायचा केएससी ७५ जास्त आवडेल, गळा अगदी मोकळा ऐकू येतो. फक्त तो ओपन आहे, म्हणजे आवाज बाहेर जातो, शेजारी कुणी झोपलं असेल तर पंचाईत. मग ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स बघा, हा बंद कपांचा आहे, बजेट कदाचित थोडं ताणावं लागेल आणि ३ मीटरची वायर मोबाईलला जरा अडचणीची, पण टिकाऊ आहे.

दुकानात ट्राय करायला मिळालं तर रोजचंच ओळखीचं रेकॉर्डिंग लावा, आणि तबला सुरू झाल्यावरही मागे तानपुरा टिकतोय का तेवढं बघा. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या ऐकत असाल तर तीही एक लावा, ट्रेबल (वरचा बारीक आवाज) तिखट असेल तर खरखर लगेच टोचते.

आणि मोबाईलला ३.५ एमएमचा जॅक नसेल तर टाइप-सीचा कनेक्टर घेताना आत डॅक (डिजिटल आवाज हेडफोनला चालेल अशा सिग्नलमध्ये बदलणारी चिप) आहे ना हे विचारून घ्या, साधा कनेक्टर काही फोनवर चालतच नाही.