सुडो लावूनही फायरवॉलचे नियम लोड होत नाहीत

प्रश्न : उबुंटू सर्व्हरवर आयपीटेबल्स (लिनक्सचा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा गाळण्याचं साधन) आहे. त्याचे नियम आयपीटेबल्स-सेव्हने फाइलमध्ये ठेवले होते. रीबूटनंतर ते गायब झाले. सुडो (रूट म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हक्काने कमांड चालवण्याची सोय) लावून, फाइलच्या नावाआधी < खूण देऊन आयपीटेबल्स-रिस्टोर (फाइलमधले नियम परत लोड करणारी कमांड) चालवलं तर ‘परमिशन डिनाइड’ येतं. रूट होऊन लोड केले, तर डॉकरचे कंटेनर (डॉकर या सॉफ्टवेअरने वेगळे ठेवून चालवलेले प्रोग्रॅम) बाहेरून लागेनात. काय चुकतंय? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : नियम कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) मेमरीत असतात, त्यामुळे रीबूटला जाणारच. ‘परमिशन डिनाइड’ला कारण < ही खूण. सुडो फक्त कमांडला लागू होतो. खुणेपुढची फाइल तुमचा शेल (कमांड घेणारा प्रोग्रॅम) उघडतो, तोही तुमच्याच अधिकारात. खूण काढा आणि फाइलचं नाव थेट कमांडपुढे लिहा. सेव्ह करताना > खुणेने हेच होतं. तिथे पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी | ही खूण) देऊन सुडोसह टी (tee, आउटपुट फाइलमध्ये लिहिणारी कमांड) वापरा.

डॉकरचं दुखणं वेगळं. रिस्टोर जुन्या नियमांत भर घालत नाही. फाइलमध्ये नियमांची जी टेबलं आहेत (काय येऊ-जाऊ द्यायचं ते ठरवणारं फिल्टर, पत्ते बदलणारं नॅट वगैरे) ती आधी पूर्ण रिकामी करतो, मग भरतो. डॉकरने नॅटमध्ये केलेल्या नोंदी त्यात पुसल्या गेल्या. डॉकरची सर्व्हिस रीस्टार्ट केलीत की तो त्या पुन्हा घालतो. यापुढे फाइलमधून नॅटचा भाग आणि डॉकरच्या चेन (टेबलातल्या नियमांच्या याद्या) काढून टाका, स्वतःचे नियम डॉकर-यूजर या चेनमध्ये ठेवा. नोफ्लश पर्यायाने पुसणं टळतं खरं, पण तीच फाइल दोनदा लोड केली की नियमही दोनदा बसतात.

लोड करण्याआधी टेस्ट पर्याय लावून बघा. फाइल वाचली जाते, लागू होत नाही. चूक असेल तर ओळीचा क्रमांक मिळतो. प्रत्येक टेबलाच्या शेवटी कमिट ही ओळ हवीच. फाइल विंडोजवर एडिट केली असेल तर ओळींच्या शेवटची अदृश्य खूणही नडते.

एसएसएचवरून (दुसऱ्या कंप्युटरवरून नेटवर्कमार्गे) काम करत असाल तर थेट रिस्टोर नकोच. आयपीटेबल्स-अप्लाय वापरा : नियम लावून ‘चालतंय का?’ विचारतो, 10 सेकंदांत होकार आला नाही तर जुने नियम परत. मुदत वाढवता येते, 30 ठेवा.

रीबूटसाठी आयपीटेबल्स-पर्सिस्टंट हे पॅकेज घाला. ते ईटीसीतल्या (सिस्टिमच्या सेटिंगच्या /etc फोल्डरमधल्या) आयपीटेबल्स फोल्डरमधून रूल्स डॉट व्ही4 आणि रूल्स डॉट व्ही6 वाचतं. दुसरी फाइल विसरू नका. आयपीव्ही6चे (नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचे) नियम वेगळे असतात. नियमांत डोमेनची नावं नकोत, आयपी पत्तेच लिहा. बूट होताना डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधणारी सेवा) मिळत नाही आणि तेवढ्या एका ओळीपायी ते सगळं टेबल लोड व्हायचं राहतं.