पाण्याचा वेब नकाशा: फिल्टर एकच, प्रत्येक थराचं उत्तर वेगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा समजलो. पारनेर तालुक्यातल्या काही गावांचा पाण्याचा नकाशा वेबवर ठेवायचा आहे. विहिरी आणि बोअरच्या पातळ्या एक्सेलमध्ये आहेत, बंधारे गूगल अर्थवरून काढलेल्या केएमएल फाइलमध्ये, गावांच्या हद्दी आणि ओढे शेपफाइलमध्ये (नकाशातल्या आकृत्या साठवणारी फाइल), पाऊस महसूल मंडळवार. गाव, वर्ष, हंगाम आणि स्रोताचा प्रकार असे चार फिल्टर हवेत. सगळं लीफलेटवर (वेब नकाशा दाखवणारं कोड-साधन) चढवलं, तर फोन अडकतो, काही विहिरी समुद्रात दिसतात आणि वर्ष बदललं की बंधारे गायब होतात.

तिसरी अडचण सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण ती कोडची नाहीच. पण आधी समुद्रातल्या विहिरी बाहेर काढू.

त्या कुठल्या समुद्रात पडल्यात ते पाहा, कारण लगेच कळेल. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात असतील, तर त्या ओळींत अक्षांश-रेखांश रिकामे होते आणि ते शून्य धरले गेले. पार उत्तरेला, नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्यामध्ये बेअर आयलंडच्या आसपास असतील, तर आकडे उलटे पडलेत. पारनेरचा अक्षांश 19 च्या आणि रेखांश 74.4 च्या जवळपास आहे. अदलाबदल झाली की विहीर थेट त्या बेटापाशी जाते. जिओजेसनमध्ये (वेब नकाशाला माहिती पुरवणारी फाइल) रेखांश आधी लिहितात, लीफलेटच्या मार्करला मात्र अक्षांश आधी लागतो, म्हणून हा घोळ सतत होतो. तिसरा प्रकार समुद्रात जात नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा. ॲपवर 19 अंश 4 मिनिटं 12 सेकंद दिसतं आणि माणूस 19.0412 लिहून मोकळा होतो. खरा आकडा 19.07 आहे. विहीर तीन किलोमीटरहून जास्त सरकली, पण नकाशावर ती कुठल्यातरी शेतातच दिसते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. यावर उपाय सोपा आहे: प्रत्येक विहीर ज्या गावाची म्हणून नोंदवली आहे, त्याच गावाच्या हद्दीत पडते का, हे क्यूजीआयएसमध्ये (संगणकावरचं नकाशांचं सॉफ्टवेअर) एकदा तपासा. जी पडत नाही ती वेगळी काढा आणि त्या गावातल्या माणसाला फोन करा.

गावं नावावरून जोडू नका. टाकळी ढोकेश्वर कुणी नुसतं टाकळी लिहितो, कुणी जोडून लिहितो. 'ऱ' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येतं. ते डोळ्यांना सारखंच दिसतं, पण संगणक त्यांना वेगळं मानतो. जिल्ह्याचंच घ्या. 2011 च्या जनगणनेच्या तक्त्यात अहमदनगर आहे, आजच्या नोंदीत अहिल्यानगर. प्रत्येक तक्त्यात गावाचा सरकारी कोड असा एक रकाना टाका आणि जोडणी फक्त त्यावरून करा. नाव दाखवण्यापुरतं ठेवा.

आता बंधारे. वर्ष 2019 निवडलं की ते गायब होतात, कारण तुमचा कोड सगळ्या थरांना (विहिरी, बंधारे, ओढे असा माहितीचा एकेक गट म्हणजे एक थर) एकच प्रश्न विचारतोय: तुझं वर्ष 2019 आहे का? विहिरीच्या नोंदीसाठी हा प्रश्न बरोबर आहे, कारण तिथे वर्ष म्हणजे मोजणी कधी झाली ते. पण बंधाऱ्याच्या रकान्यातलं वर्ष हे बांधकामाचं वर्ष आहे. 2012 चा बंधारा 2019 मध्येही पाणी अडवत होताच. तिथे प्रश्न असा हवा: तू 2019 पर्यंत बांधून झाला होतास का? आणि ओढ्यांच्या रेषांना किंवा गावांच्या हद्दींना वर्षाचा प्रश्न विचारायचाच नाही, त्या कायम दिसायला हव्यात.

म्हणून कोडला हात लावण्याआधी कागदावर एक तक्ता करा. आडवे तुमचे चार फिल्टर, उभे सगळे थर, आणि प्रत्येक चौकोनात एक साधं मराठी वाक्य: हा फिल्टर या थरासाठी नेमकं काय विचारतो. काही चौकोनांत "लागू नाही" असंच येईल, तेही लिहा. वेगवेगळ्या तऱ्हेची माहिती एका नकाशावर आणण्याचं खरं काम या कागदावर होतं. माझ्या मते पुढचं सगळं त्यापेक्षा सोपं आहे.

गावाच्या फिल्टरचा चौकोन भरताना जरा थांबा. विहीर एका गावात असते. ओढा पाच गावांतून जातो. महसूल मंडळात अनेक गावं येतात आणि मंडळाचा पाऊस त्या सगळ्यांना लागू होतो. बंधारा वरच्या गावाच्या हद्दीत असला, तरी त्याचा फायदा बऱ्याचदा खालच्या गावाच्या विहिरींना होतो. "आमचं गाव" निवडणाऱ्या माणसाला तो बंधारा दिसायला हवा की नको? मी म्हणेन हवा, पण फिक्या रंगात. ही सगळी जुळवणी ब्राउझरमध्ये करायला जाऊ नका. क्यूजीआयएसमध्ये आधीच करून प्रत्येक ओढ्याला आणि बंधाऱ्याला संबंधित गावांच्या कोडची यादी चिकटवा. मग ब्राउझरला फक्त यादीत कोड आहे का एवढंच बघायचं राहतं. तसंच, माहिती तालुक्याच्या रेषेवर कापू नका. पारनेरच्या उत्तरेकडचं पाणी मुळेतून प्रवरेला आणि पुढे गोदावरीला जातं, दक्षिणेकडचं कुकडी-घोडमार्गे भीमेला, म्हणजे कृष्णा खोऱ्यात. एका तालुक्यात दोन खोरी असताना पाणलोटाची हद्द दाखवल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही.

वर्षाबद्दल आणखी एक, आणि हे कृपा करून टाळू नका. फिल्टरमधलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर ठेवू नका, जून ते मे ठेवा. 2018 चा पावसाळा आठवा. 31 ऑक्टोबर 2018 ला राज्य सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. त्या तुटीचे चटके विहिरींना बसले ते मे 2019 मध्ये. कॅलेंडरचं 2018 निवडलं, तर मे 2018 ची पातळी दिसेल, जी 2017 च्या पावसाची देणगी आहे, आणि दुष्काळाचा उन्हाळा भलत्याच वर्षात जाऊन बसेल. "2018-19" असं पाणी-वर्ष ठेवलं की पाऊस, ऑक्टोबरची पातळी आणि मेची पातळी एका रांगेत येतात. शेतकऱ्याच्या डोक्यात वर्ष असंच असतं.

पातळीच्या आकड्यांतही तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: मोजली आणि पाणी सापडलं, मोजली आणि कोरडी निघाली, मोजलीच नाही. तुमच्या एक्सेलमध्ये बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्हीसाठी कुठे शून्य, कुठे रिकामी जागा असेल. पातळी म्हणजे जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली, आणि शून्य खोली म्हणजे विहीर काठोकाठ भरलेली! कोरडी विहीर नकाशावर तुडुंब दिसली, तर त्या नकाशावर गाव पुन्हा विश्वास ठेवणार नाही. "स्थिती" असा वेगळा रकाना करा. न मोजलेली विहीर फिल्टर लावल्यावर नाहीशी करू नका, पोकळ वर्तुळ म्हणून राहू द्या. पुढच्या वेळी कुठे टेप घेऊन जायचं ते त्या पोकळ वर्तुळांवरूनच मोजणाऱ्यांना कळतं. मोजमाप कठड्यापासून घेतलं असेल, तर कठड्याची उंची वजा करा. फूट आणि मीटर एकाच रकान्यात येऊ देऊ नका. जुनी माणसं खोली परसात (एक परस म्हणजे साधारण पुरुषभर खोली) सांगतात, ती माहिती मोलाची आहे, पण ती वेगळ्या रकान्यात जशीच्या तशी ठेवा.

विहीर आणि बोअर एका रंगपट्टीवर आणू नका. विहीर वरच्या मुरमाच्या आणि भेगाळलेल्या खडकाच्या थरातलं पाणी दाखवते, बोअर बऱ्याचदा खालच्या थरातलं. दोन्हींची सरासरी काढून मिळणारा आकडा जमिनीखाली कुठेच नसतो. आकार वेगळा ठेवा, रंगपट्टीही वेगळी, आणि लाल-हिरव्याऐवजी एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा घ्या, म्हणजे रंग नीट न ओळखू येणाऱ्यालाही वाचता येईल. आणि दोन विहिरींच्या मधली जागा रंगाने भरणारा तो गुळगुळीत पातळी-नकाशा करण्याचा मोह टाळा. आपल्या बेसॉल्टमध्ये पाणी भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून हलतं. एका बांधाच्या अलीकडे-पलीकडे पातळीत मोठा फरक असू शकतो. मधला रंग बघून कुणी तिथे बोअर घेतला आणि कोरडा गेला, तर नुकसान त्याचं होईल.

फोन अडकण्याचं कारण जवळपास नक्कीच गावांच्या हद्दी आहेत, विहिरी नाहीत. मॅपशेपर या साधनात हद्दी सोप्या करून घ्या, म्हणजे रेषांमधले बिंदू कमी करा. ते शेजारच्या दोन गावांची सामाईक रेषा एकत्रच सोपी करतं, त्यामुळे गावांमध्ये फटी पडत नाहीत. अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत ठेवा. ती अचूकता मीटरभराची आहे, फोनचा जीपीएस त्याहून जास्त चुकतो. लीफलेटला एसव्हीजीऐवजी (यात प्रत्येक आकृती वेगळी हाताळली जाते) कॅनव्हासवर (यात सगळं एकच चित्र म्हणून काढलं जातं) रेखाटायला सांगा. तालुक्यापुरत्या कामाला लीफलेट पुरतं. पुढे जिल्हाभर गेलात, तर मॅपलिब्रे (मोठ्या नकाशांसाठीचं तसंच साधन) आणि पीएमटाइल्स (नकाशाचे तुकडे एकाच फाइलमध्ये ठेवण्याची पद्धत) यांच्याकडे वळा. फिल्टरची निवड पानाच्या वेब-पत्त्यातच साठवा, म्हणजे "आमच्या गावाचा मे महिना" ही लिंक थेट व्हॉट्सॲपवर पाठवता येईल. प्रत्येक पर्यायापुढे किती नोंदी आहेत तो आकडाही दाखवा.

शेवटचं, प्रकाशित करण्याआधी: एक्सेलमधली शेतकऱ्याची नावं, मोबाइल नंबर आणि गट क्रमांक जिओजेसनमध्ये जाऊ देऊ नका. पॉपअपमध्ये दाखवलं नाही म्हणजे लपलं असं होत नाही, फाइल कुणालाही उतरवून घेता येते. खासगी विहिरींसाठी मालकाला विचारा, आणि नको म्हणाला तर ती विहीर वगळा. तो तक्ता भरून झाला की इथेच टाका, चौकोन एकेक करून पाहू.