ठसका लागतोय म्हणून दूध पातळ करू नका

ताई, तुमचं बाळ अडीच महिन्यांचं. अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी जोडीला पावडरचं दूध सांगितलंय. बाटली तोंडात दिली की ते पाच मिनिटांत फस्त करतं, मधेच ठसके लागतात, नंतर गुळण्या आणि रडारड. सासूबाईंना वाटतंय की दूध जड पडतंय, तर पाणी वाढवावं.

पाणी अजिबात वाढवू नका. एवढ्याशा पोटात जास्तीचं पाणी गेलं की दुधाला जागा उरत नाही, वजन अडतं. रक्तातलं सोडियम उतरून बाळाला झटके येऊ शकतात, इतकं हे गंभीर आहे. चमचा शीग लावून भरणंही तितकंच वाईट. बहुतेक डब्यांवर 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं. तुमच्या डब्यावरचं बघा, त्यातलाच चमचा वापरा, आधी पाणी मोजा आणि मग पावडर घाला. सासूबाईंची काळजी खरी आहे, त्यांना डब्यावरचा तक्ता वाचून दाखवा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी दुधापेक्षा वेगाची शंका जास्त येते. पाच मिनिटांत बाटली संपणं म्हणजे दूध बाळाच्या घशात ओतलं जातंय. अंगावर पिताना बाळ चोखतं, थांबतं, श्वास घेतं, पुन्हा चोखतं. बाटली उभी धरली की दूध आपसूक येत राहतं आणि बाळाला गिळत सुटावं लागतं. माझ्या जुळ्यांपैकी धाकटीचं अगदी असंच व्हायचं. पाजायची पद्धत बदलल्यावर तिचे ठसके थांबले.

बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरा, मान आणि डोकं तुमच्या कोपराच्या खळग्यात. निपल ओठांना लावा आणि बाळ स्वतः तोंड उघडेपर्यंत थांबा. बाटली आडवी ठेवा, निपलमध्ये दूध राहील एवढीच कललेली. चार-सहा घोट झाले की बाटली खाली कलती करा, निपल तोंडातच राहू दे. बाळाने दम खाल्ला आणि पुन्हा चोखायला लागलं की परत वर. अर्ध्यावर कूस बदला, खांद्यावर घेऊन ढेकर काढा. एका वेळेला पंधरा-वीस मिनिटं लागली तर लागू द्यात.

पाजताना बाळाचे हात बघत जा. भुकेलं असताना मुठी घट्ट, हनुवटीपाशी ओढलेल्या असतात. पोट भरत आलं की बोटं एकेक करून सैल होतात. भुवया उंचावल्या, बोटं ताठ फाकली, ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं, तर वेग झेपत नाहीये, लगेच थांबा. तोंड फिरवलं की पाजणं संपलं. तळाशी 20 मिली उरलं म्हणून कोंबू नका, उष्टं दूध पुढच्या वेळेसाठी ठेवूही नका.

निपलही तपासा. बाटली उलटी केल्यावर दूध थेंब थेंब यायला हवं. धार लागली तर भोक मोठं आहे, सर्वांत हळू प्रवाहाचं निपल आणा. लवकर प्यावं म्हणून सुईने भोक वाढवायची जुनी युक्ती कुणी सांगेल, ती ऐकू नका. निपल चपटं होऊन चिकटत असेल तर झाकणाचं वेटोळं किंचित सैल करा.

स्वच्छतेचं थोडक्यात. सगळे भाग सुटे करून ब्रशने घासा, मग पूर्ण बुडवून 10 मिनिटं उकळा. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना 70 अंशांपेक्षा कमी नसलेल्या गरम पाण्यात ती कालवायला सांगते. लिटरभर पाणी उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा. थोडंसंच उकळलं तर ते फार लवकर निवतं. आरओचं पाणीही उकळायचंच. कालवल्यावर बाटली गार पाण्यात धरा, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा, मगच पाजा. कालवलेलं दूध दोन तासांत संपवायचं. मायक्रोवेव्ह नको, त्यात दूध कुठे कोमट तर कुठे चटका बसेल इतकं तापतं.

उशीला टेकवून बाटली तोंडात ठेवणं मात्र कितीही दमलात तरी नको. घशात दूध अडकलं तर बाळाला ओरडताही येत नाही.

आणखी एक पर्याय म्हणजे आपलं बोंडलं, नाहीतर वाटी-चमचा. बाटलीपेक्षा घासायला कितीतरी सोपं, आणि आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही बाटलीआधी तेच सुचवतात. वेळ लागतो, सांडतं, पण दिवसातून एखाद्या वेळी करून बघा. प्रत्येक वेळी आधी अंगावर घ्या, मग वरचं द्या, म्हणजे तुमचं दूध टिकेल.

हे सगळं करूनही ठसके थांबले नाहीत, पिताना ओठ निळसर झाले, कपाळाला घाम फुटला, उलटी हिरवी किंवा जोरात फेकल्यासारखी झाली, दिवसाला सहापेक्षा कमी लंगोट ओले झाले किंवा वजन वाढेना, तर थेट डॉक्टरांकडे जा. जाताना बाटली आणि डबा बरोबर न्या, आणि एकदा त्यांच्यासमोरच पाजून दाखवा. सांगण्यातून जे कळत नाही ते त्यांना बघून कळतं.