शेतात चितळ, पेट्यांवर अस्वल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, माझं शेत मूल तालुक्यात, जंगलाला लागूनच. हरभरा जरा वर आला की चितळांचा कळप रात्रीतून शेंडे खाऊन जातो. जुन्या साड्या बांधल्या, आठवडाभर बरं गेलं, मग परत तेच. शेजारी म्हणतात सरळ लाईनची तार सोडा. काय करू?

भाऊ, ती लाईनची तार आधी डोक्यातून काढा. मेन लाईनचा 230 व्होल्टचा करंट सलग वाहतो, त्याला चिकटलेला जीव सुटत नाही. आपल्या विदर्भात अशा तारांनी वाघ मेलेत आणि माणसंही मेलीत, पहाटे पाणी सोडायला निघालेली, जागलीवरून परतणारी. हा सरळ सरळ गुन्हा आहे, आणि मेलेलं माणूस तर परत येत नाही. झटका मशीन वेगळी, लोक दोन्ही एकच समजतात म्हणून सांगते, ती 12 व्होल्टच्या बॅटरीवर किंवा सोलरवर चालते, तारेत काही हजार व्होल्ट सोडते पण क्षणभरच, साधारण सेकंदाला एक ठोका, त्यामुळे जनावर दचकून मागे सरतं, मरत नाही. मशीन चांगल्या कंपनीची घ्या, घरी जुगाड करू नका.

साड्यांचं म्हणाल तर चितळ नवीन दिसेल त्याला बिचकतं आणि काही होत नाही कळलं की सरावतं. म्हणून साड्या सीझनभर ठेवायच्याच नाहीत, पीक कोवळं असताना आणि घाटे भरताना लावायच्या, मधे काढून घ्यायच्या, जागा बदलायच्या.

कुंपण चार-पाच फुटांचं केलं तर उपयोग नाही, चितळ सहा फूट उंच उडी आरामात मारतं. आठ फुटी जाळी सगळ्यांना परवडत नाही. त्यापेक्षा झटका मशीनच्या तारांची दोन बुटकी कुंपणं तीन फुटांच्या अंतराने करा, बाहेर कमरेच्या उंचीला एकच तार, आत दोन-तीन. हरणाला खोलीचा अंदाज नीट येत नाही, उडी मारून पाय कुठे टेकायचा हेच कळेना झालं की ते उडी टाळतं. आणि गवत तारेला टेकू देऊ नका, करंट सगळा जमिनीत जातो, मग लोक मशीनला शिव्या देतात. कुंपणाचा एक टेस्टर जवळ ठेवा आणि संध्याकाळी बघत जा.

हरभऱ्याच्या कडेने करडईच्या चार-पाच ओळी टाका, मोठी झाली की काट्यांमुळे जनावर सहसा तोंड घालत नाही, वर मधमाश्यांनाही फुलं मिळतात. कायमच्या बांधावर सागरगोट्याची काटेरी वेल लावता येते, पण ती दाट व्हायला दोन-तीन वर्षं लागतात.

पुड्या बांधून थायमेट लटकवायची पद्धत बंद करा. थायमेट म्हणजे फोरेट, एक विषारी कीटकनाशक, 2020 संपता संपता त्यावर देशात बंदी आली आहे. त्याने माणसाला विषबाधा होते, पक्षी मरतात.

प्रश्न: नमस्कार, आम्ही कुरखेडा भागात सातेरीच्या (देशी मधमाश्यांच्या) मधपेट्या ठेवल्या आहेत. अस्वलाने रात्री दोन पेट्या फोडल्या, फ्रेमा चाटून साफ केल्या. बाकीच्या हलवू का? रात्री फटाके फोडून थांबलो तर?

वाईट वाटलं वाचून, वसाहत उभी करायला किती जपावं लागतं ते पेटीवाल्यालाच माहीत. एक गोष्ट आजच करा. फुटलेल्या पेट्यांचे तुकडे, पोळ्याचे अवशेष, सांडलेलं मेण सगळं गोळा करून लांब न्या, कारण ज्या जागी एकदा पोटभर मिळालं तिथे अस्वल हमखास परत येतं, बऱ्याचदा दुसऱ्याच रात्री. त्याची नजर कमी, पण नाक भयंकर तेज. वरचे पुढचे दोन दात त्याला नसतात, ओठ पुढे काढून त्या फटीतून ते वाळवी नळीने ओढल्यासारखी खेचतं. पेटीतही त्याला फक्त मध नको असतो, अळ्याही तेवढ्याच आवडतात, म्हणून मध काढून घेतलेली पेटी सुरक्षित असं समजू नका.

हलवायच्या तर अंधार पडल्यावर, माश्या आत आल्या की दार बंद करून. आणि तीन किलोमीटरच्या पलीकडे न्या, जवळच सरकवल्या तर माश्या जुन्याच जागी येऊन घिरट्या घालतात.

नसेल हलवायचं तर पेट्या एका जागी गोळा करून भोवती छोटं झटका कुंपण करा, एवढ्या जागेला खर्च फार येत नाही. चार-पाच तारा, सगळ्यात खालची जमिनीपासून वीतभर, कारण ते उकरून आत घुसतं. तार पेटीपासून चार फूट तरी लांब, नाहीतर बाहेरूनच पंजा घालेल. अंगावर केस इतके दाट की झटका लागायचा तर नाकाला किंवा पंजालाच लागला पाहिजे. उन्हाळ्यात आपली जमीन खडखडीत वाळते, अर्थिंग धरत नाही, म्हणून एक सोडून एक तार अर्थला जोडा आणि अर्थच्या सळईपाशी रोज बादलीभर पाणी ओता. करंटच्या तारेला चांदीचा कागद गुंडाळून त्यावर मोहफुलांचा लगदा लावा, अस्वल हुंगायला जातं आणि नाकालाच बसतो. तिथे मध लावू नका, इतर माश्या लुटायला येतील.

फटाके घेऊन थांबू नका, प्लीज. बिथरलेलं अस्वल पळेलच असं नाही, अंगावर येतं, डोकं-तोंड फाडतं. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला पहाटे जाताय तर एकट्याने नको, बोलत, आवाज करत जा, त्याला तुमची चाहूल आधीच लागू द्या.

प्रश्न: चितळांनी तूर खाल्ली, भरपाई मिळते का?

मिळते. हरीण, रोही (नीलगाय), रानडुक्कर यांनी केलेल्या पीक नुकसानीसाठी वनविभागाची मदत आहे. तक्रार तीन दिवसांच्या आत द्या, पंचनामा होईपर्यंत पीक काढू नका, खुरांचे ठसे आणि खाल्लेले शेंडे मोबाईलवर टिपून ठेवा. व्याघ्र प्रकल्पाच्या बफरजवळचं (राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्याजवळचं) गाव असेल तर डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे का ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा, अर्ज दिलात की पोच घेतल्याशिवाय निघू नका.