हक्क आणि कर्ज एकाच दिवशी

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. चार पानांपैकी साडेतीन पाने त्याला वाईट वाटेल की काय, यावर खर्ची पडली आहेत आणि कर्जाची शिल्लक किती, हे मात्र कुठेच नाही. लग्न न करता तुम्ही दोघांनी मिळून कर्ज काढून घेतलेल्या घरातून तू बाहेर पडलीस, तो तिथेच राहतो, हप्ते मीच भरीन म्हणतो आणि त्या बदल्यात हक्कसोडपत्रावर, म्हणजे घरातला तुझा हिस्सा सोडल्याच्या कागदावर, तुझी सही मागतो. ती सही आज करू नकोस. तो लबाड आहे म्हणून नव्हे. सज्जन माणसाचीही नोकरी जाते.

घराचा हक्क एका कागदावर असतो आणि घराचे कर्ज दुसऱ्यावर, आणि पहिल्यावरून नाव निघाले म्हणून दुसऱ्यावरून ते आपोआप निघत नाही. सहकर्जदार म्हणून सही केलीस तेव्हा तू अर्ध्या नव्हे, संपूर्ण कर्जाला बांधली गेलीस. त्याने हप्ता चुकवला तर बँक सगळी थकबाकी तुझ्याकडे मागू शकते, आणि तुम्हा दोघांत काय ठरले होते, याच्याशी तिला कर्तव्य नसते. त्याने लिहून दिलेला कागद फार तर पुढे त्याच्याकडून पैसे वसूल करताना कामी येईल. म्हणून सांगते, हक्क आणि कर्ज एकाच दिवशी सोडायचे.

मी तसे केले नाही. "मला काही नको" असे म्हणण्यात त्या वेळी मोठा रुबाब वाटला होता. हक्क सोडला, किल्ली टेबलावर ठेवली आणि निघाले. कर्जावर नाव तसेच राहिले. पुढे तिकडचे हप्ते थकले, तेव्हा ज्या घराचे दार मला उघडता येत नव्हते त्याचे हप्ते मी भरत बसले. पत तरीही खालावलीच, आणि स्वतःसाठी लहानसे घर घ्यायला गेले तेव्हा त्याच जुन्या कर्जाकडे बोट दाखवून मला परत पाठवण्यात आले. रुबाबाची किंमत ही अशी फेडावी लागली.

मार्ग फार नाहीत. त्याने एकट्याच्या नावावर नवे कर्ज काढून जुने फेडावे, किंवा बँकेने त्याचे एकट्याचे उत्पन्न तपासून तुला लेखी मुक्त करावे. त्याच्या उत्पन्नात हे बसत नसेल तर घर विकावे. "थोडे थांबू, बघू" हा मार्ग नव्हे. आणि हे मिटेपर्यंत, राग कितीही येवो, हप्ता चुकू देऊ नकोस. तू भरलेल्या प्रत्येक रकमेची नोंद मात्र ठेव.

पाच वर्षे हप्ते भरले म्हणजे बरेचसे फिटले, असे तू धरून चालली आहेस. वार्षिक ९ टक्के दराच्या २० वर्षांच्या कर्जात पहिल्या ५ वर्षांत मूळ कर्जाच्या सुमारे ५४ टक्क्यांइतकी रक्कम हप्त्यांतून जाते आणि त्यातून मुद्दल फिटते जेमतेम ११ टक्के. तेव्हा घराचे आजचे मूल्य तटस्थ माणसाकडून काढून घे, त्यातून शिल्लक कर्ज आणि विक्रीचा खर्च वजा कर, आणि जे उरेल त्यावरच बोला. काही वेळा वाटून घ्यायला तोटाच उरतो, तोही दोघांचा असतो. घटस्फोटाबरोबर मालमत्तेची वाटणी करून घेण्याची जी सोय विवाहितांना असते, ती तुमच्यासारख्यांना पुष्कळ ठिकाणी मिळत नाही; तिथे सुरुवातीची रक्कम कोणी भरली, हप्ते कोणाच्या खात्यातून गेले, हे खातेउतारेच बोलतात. प्रेमात असताना पावत्या कोण जपतो, हे मला ठाऊक आहे. तरीही शोध.

इतके विचारलेस तर तो तुला हिशेबी म्हणेल. मलाही म्हणाले, तेही हप्ते मी भरत असताना. खरे तर मी हिशेबी नव्हतेच, असते तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती. आणि आज जी आहे ती त्या कर्जाने केली आहे, त्याबद्दल मला काडीचाही संकोच वाटत नाही.

तू तर पैसे मागतही नाहीस, फक्त क्रम मागते आहेस: आधी बँकेचे मुक्ततेचे पत्र हातात, त्याच बैठकीत तुझी सही. शिल्लक रकमेचे पत्र याच आठवड्यात बँकेकडून मागव. त्याला उत्तर त्यानंतर लिही, आणि पाठवण्याआधी मसुदा मला दाखव.